पहिल्या मेटल गिगला जाताना

मेटल गिगच्या, म्हणजे हेवी मेटल या जड रॉक संगीताच्या कार्यक्रमाच्या, पोस्टरवर चार-पाच बँडची नावं असतात. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो तो हेडलायनर, आणि तो शेवटी वाजवतो. खाली जाल तसं नाव लहान होतं आणि वाजवायची वेळ अलीकडची होते. तळाचा बँड सगळ्यात आधी मंचावर येतो. अक्षरं झाडाच्या मुळांसारखी एकमेकांत गुंतलेली असतील, नाव लागतच नसेल, तर तो बहुधा डेथ किंवा ब्लॅक मेटल या मेटलच्या कडक प्रकारांतला बँड आहे. तिकिटाच्या पानावर तेच नाव साध्या अक्षरांत मिळतं.

पुढचं सगळं मुंबई-पुण्यातल्या क्लबमधल्या बहुबँड रात्रीला धरून लिहिलं आहे: दीडशे ते पाचशे माणसं, बंद हॉल, चार किंवा पाच बँड. मैदानावरच्या फेस्टिव्हलला काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी येईल.

तिकीट आणि वेळ

तिकीट काढताना तीन गोष्टी वाचा: वयाची अट, दार उघडण्याची वेळ आणि री-एन्ट्री आहे की नाही. बार असलेल्या क्लबात अट अठराची असते किंवा एकवीसची, आणि दारावर ओळखपत्र बघतात. महाराष्ट्रात बिअर विकत घ्यायला २१ वर्षं आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून आत गेल्यावर मनगटाला वेगवेगळ्या रंगाचा पट्टा बांधला जाऊ शकतो. तो रात्रभर काढू नका. री-एन्ट्री नसेल तर एकदा आत गेलात की बाहेर चहाला जाता येत नाही, त्यामुळे जेवणाचं आधीच उरका. रिकाम्या पोटी चार तास उभं राहून घाम गाळला की तिसऱ्या बँडला डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन तास आधी पोळी-भाजी किंवा दोन वडापाव पुरे. तुडुंब जेवूनही जाऊ नका.

‘दार ७ वाजता’ लिहिलं असेल तर पहिला बँड साधारण साडेसात-पावणेआठला सुरू होतो. ओपनरला, म्हणजे पहिल्या बँडला, पंचवीस-तीस मिनिटं, मधल्यांना चाळीसेक, हेडलायनरला तास ते दीड तास. मैदानावर मात्र घड्याळ कडक असतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. वर्षातले ठरावीक दिवसच राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे मैदानावरचे कार्यक्रम दुपारीच सुरू होतात आणि उशिरा पोचलेल्या माणसासाठी काही थांबत नाही. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव, म्हणजे सगळ्यांचा ‘आय-रॉक’, ज्या धोबीतलावच्या रंगभवनात रुजला, ते खुलं नाट्यगृह आसपासच्या रुग्णालयांमुळे आणि महाविद्यालयामुळे शांतता क्षेत्रात मोडलं आणि तिथली रॉकची परंपरा तुटली. मुंबईच्या रॉकवाल्यांना तो ओटा अजून आठवतो.

पहिल्या बँडच्या आधी पोचा, हे आमचं सगळ्यात आग्रहाचं सांगणं. हेडलायनर उद्या यूट्यूबवरही सापडेल. तळाच्या नावाचा बँड मात्र कदाचित याच रात्री पहिल्यांदा चाळीस अनोळखी माणसांसमोर उभा राहतोय, आणि त्या चाळिसांत तुम्ही असलात तर त्याला फरक पडतो. तुमचाही फायदा आहेच. हॉल मोकळा असतो, कान ताजे असतात, आवाज जुळवायचा कन्सोल कुठे, पाणी कुठे, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे हे सावकाश बघून घेता येतं.

आठवडाभर आधी ऐकून ठेवा

प्रत्येक बँडची तीन गाणी ऐका. त्याहून जास्त नको, गल्लत होते. सेटलिस्ट एफएम या साइटवर बँडने गेल्या काही कार्यक्रमांत काय वाजवलं ते सापडतं, त्यातलीच निवडा. ग्राउलमधले, म्हणजे गुरगुरत गायलेले, शब्द पहिल्यांदा कळत नाहीत. ते घशाने काढलेलं वाद्यच समजा. एकदा शब्द समोर ठेवून ऐकलं की दुसऱ्या वेळी आपोआप कळू लागतात. नव्या कानाने गिटारीमागे धावण्यापेक्षा ड्रमरचा स्नेअर, म्हणजे खणखणीत वाजणारा ड्रम, धरावा. तबल्याच्या ठेक्यावरून जशी सम सापडते तसं स्नेअरवरून रिफ, म्हणजे गिटारीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कुठे वळतो ते कळतं.

बँड मेटलच्या कोणत्या प्रकारातला आहे हे कळलं की गर्दी काय करणार याचाही अंदाज येतो. थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, असेल तर लोक गोल धावतात. मेटलकोर आणि हार्डकोरमध्ये ब्रेकडाउन येतो, म्हणजे ताल एकदम अर्ध्यावर येऊन जड होतो, आणि काहीजण हातपाय चौफेर फिरवतात. डूमला, म्हणजे संथ, जड मेटलला, सगळे जागच्या जागी सावकाश माना हलवतात. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, झिग्नेमा, गटस्लिट ही मुंबईत घडलेली नावं ऐकलीत तर मेटलच्या प्रकारांमधला फरक एका संध्याकाळी कानाला कळू लागेल.

अंगावर, खिशात

काळा टी-शर्ट सक्तीचा नाही. सुती हवा, इतकंच. पायांत बंद बूट, नाडीला दुहेरी गाठ. चप्पल, सँडल, टाचेचे बूट नकोत. गर्दीत पहिली दुखापत पायाच्या अंगठ्याला होते. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, लोंबते डूल, मोठं घड्याळ घरी ठेवा. चष्मा असेल तर मागून बांधायची दोरी घ्या. खिळ्यांचे पट्टे दारावर काढून घेतात आणि ते बरोबरच आहे, कारण ते शेजाऱ्याच्या दंडाला लागतात.

खिशात फोन, ओळखपत्र, एक कार्ड, पाचशे-हजार रुपये रोख आणि इअरप्लग. एवढंच, आणि तेही चेनच्या खिशात. रोख यासाठी की पाचशे माणसं एका तळघरात फोन काढून बसली की यूपीआय फिरत राहतं. तिकिटाचा क्यूआर दाराशी पोचायच्या आधीच उघडून ठेवा. बाटली, परफ्यूम, लायटर, मोठी बॅग, बहुतेक ठिकाणी छत्रीसुद्धा आत जात नाही. दम्याचा पंप किंवा इन्सुलिन असेल तर चिठ्ठीसकट बरोबर ठेवा आणि झडतीच्या वेळी आपण होऊन दाखवा.

कान

इथे घाई करू नका. मान आखडली तर चार दिवसांत सुटते, गेलेलं ऐकू परत येत नाही.

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नायॉश या अमेरिकी संस्थेचा कामगारांसाठीचा हिशेब सोपा आहे: ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १, ९७ला अर्धा तास आणि १००ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. मेटलच्या बंद हॉलमध्ये आवाज सहज तिथे पोचतो, आणि तुम्ही चार तास उभे असता. विसर्जन मिरवणुकीत ताशाशेजारी उभं राहून आल्यावर कानांत जी शिट्टी वाजते, तीच ही.

कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत. मेडिकलच्या दुकानात फोमचे प्लग अगदी स्वस्तात मिळतात, तेही चालतात. मात्र ते झांजांचा आणि गायकाचा वरचा आवाज जास्त कापतात, त्यामुळे सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या प्रमाणात, पंधरा-वीस डेसिबलने उतरवतात. गिटार गिटारसारखीच ऐकू येते, नुसती लांब गेल्यासारखी. वर्षातून तीन-चार गिग होणार असतील तर तेच घ्या. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. नीट न बसलेला प्लग त्याच्या निम्मंही काम करत नाही, म्हणून बसवायची रीत शिका:

१. हात धुवा. फोमचा प्लग बोटांत लाटून सुरकुती न पडता बारीक वात करा.
२. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची वाट सरळ होते.
३. वात आत सरकवा आणि बोटाच्या टोकाने वीस-तीस सेकंद दाबून धरा. फुगायला तेवढा वेळ लागतो. लगेच सोडला तर बाहेर येतो.
४. दोन्ही तळवे कानांवर घट्ट ठेवा आणि काढा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर प्लग बसला. फरक पडला तर पुन्हा करा.

पहिल्या सुराच्या आधी घाला. दोन गाणी उघड्या कानाने ऐकून मग घातले तर सगळं बुळबुळीत वाटतं आणि माणूस काढून टाकतो. आधीपासून असतील तर दहा मिनिटांत मेंदू सरावतो. जबडा हलवला की, ओरडून गायलं की ते सैल होतात, म्हणून प्रत्येक बँडनंतर तळव्यांची तीच परीक्षा करा.

कुठे उभं राहायचं

नव्या माणसाला वाटतं मंचाला खेटलं की सगळ्यात छान ऐकू येईल. उलट होतं. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना, तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांकडे तोंड करून असतात. अगदी पुढे तुम्हाला समोरच्या गिटारिस्टचा अ‍ॅम्प आणि नुसता ड्रम ऐकू येतो, गायक जवळजवळ गायब. कडेला एका स्पीकरसमोर उभे राहिलात तर एकाच बाजूचं वाद्य कानावर आदळतं. मागच्या भिंतीला टेकलात तर खर्ज साचून गढूळ होतो.

सगळ्यात स्वच्छ आवाज साउंड इंजिनिअरच्या कन्सोलच्या पुढ्यात दोन-चार हातांवर असतो, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतंय त्यावरच सगळं जुळवतो. पहिल्या दोन बँडना तिथे उभे राहा. गर्दी कशी हलते ते बघा. मग वाटलं तर पुढे जा.

ओपनरचा आवाज पहिल्या गाण्यात विस्कटलेला वाटला तर बँडला दोष देऊ नका. साउंडचेक, म्हणजे आवाजाची चाचणी, बहुधा उलट क्रमाने होतो, हेडलायनरचा दुपारी सगळ्यात आधी आणि ओपनरचा दार उघडायच्या तोंडावर. त्याला वेळ उरला तर मिळतो. रिकाम्या हॉलमध्ये लावलेला आवाज माणसं भरल्यावर बदलतो तो वेगळाच, कारण अंगं आणि कपडे वरच्या पट्ट्या शोषून घेतात. दुसऱ्या गाण्यापर्यंत थांबा.

दोन बँडच्या मधे

पंधरा-वीस मिनिटं मिळतात. ड्रमचा सांगाडा सहसा सगळ्यांना एकच असतो. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर, झांजा आणि पायाचं पेडल घेऊन येतो आणि तेवढंच बदलतो. मंचावर ‘चेक, चेक’ चालू असतं तेव्हा तुमची चार कामं उरका: पाणी, स्वच्छतागृह, प्लग, मर्च (बँडचे टी-शर्ट वगैरे). हॉल तापलेला असतो आणि मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून दर बँडला किमान एक पेला पाणी प्या. दारू घेत असाल तर प्रत्येक पेल्यामागे एक पाण्याचा. पिऊन पिटमध्ये, म्हणजे मंचासमोरच्या धक्काबुक्कीच्या गोलात, गेलेला माणूस स्वतः पडतो आणि दोघांना पाडतो.

मर्चच्या टेबलावर पहिल्या किंवा दुसऱ्या बँडनंतरच जा. मधल्या मापाचे टी-शर्ट आधी संपतात. लहान बँडच्या हाती तिकिटातून फार थोडं येतं. एक टी-शर्ट विकला की त्यांचं परतीचं भाडं निघायला हातभार लागतो. टेबलामागे उभा असलेला माणूस पुष्कळदा अर्ध्या तासापूर्वी मंचावर बास वाजवत असतो. ‘तुमचं दुसरं गाणं आवडलं’ एवढं सांगितलंत तरी चेहरा उजळतो.

पिट

तिसऱ्या-चौथ्या बँडला मंचासमोर गर्दी आपोआप मागे सरकते आणि मधे परातीसारखा मोकळा गोल पडतो. तो मॉश पिट. बाहेरून हाणामारी दिसते. नीट बघा: कोणी कोणाकडे रोखून बघत नाही, तळवे उघडे आहेत, खांद्याने खांद्याला धक्का आहे, आणि कोणी पडलं की दोन सेकंदांत चार हात खाली जातात. या चार हातांवर सगळं चालतं.

सर्कल पिट म्हणजे सगळ्यांनी एकाच दिशेने गोल धावणं. वारीतलं रिंगण पाहिलेल्या माणसाला ते लगेच उमगेल. बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. आत शिरायच्या आधी दिशा बघा आणि कडेकडून धावत धावत मिसळा, आडवे घुसू नका. वॉल ऑफ डेथमध्ये गायक गर्दीचे दोन भाग करतो आणि खुणेसरशी दोन्ही बाजू एकमेकांवर धावतात. पहिल्या गिगला त्यात जाऊ नका. आपल्याला जायचंच नाही हे ठरलं असेल तर गायकाने हात दोन बाजूंना पसरताच मागे सरका, कारण तो मोकळा पट्टा तुम्ही उभे आहात तिथेच पडू शकतो.

पहिल्यांदा शिरताना गोलाच्या कडेला एक अख्खं गाणं उभे राहा. कडेची माणसं भिंतीचं काम करतात: अंगावर आलेल्याला दोन्ही तळव्यांनी झेलून हलकेच आत परत लोटायचं. हे जमलं की एक गाणं आत. गुडघे थोडे वाकवून पाय पसरलेले, कोपर बरगड्यांजवळ, हात छातीपुढे. कोपर खांद्याच्या वर कधीच नको. नाकाचं हाड असंच मोडतं. दम लागला की हात वर करून कडेला या, कोणीतरी बाहेर काढेल.

कोणी पडलं तर जागीच थांबा, दोन्ही हात पसरून मागच्यांना अडवा आणि काखेत धरून उचला. हाताला धरून हिसकलं तर खांदा निखळतो. कोणी बुटाची नाडी बांधत किंवा चष्मा शोधत असेल तर त्याच्याभोवती पाठ करून कडं करा. सापडलेली वस्तू, बूट असो की फोन, हात उंच करून धरा, मालक येतो. फोनवर चित्रीकरण करत पिटमध्ये उभं राहू नका.

ब्रेकडाउनला जे हातपाय फिरवतात त्यांच्यापासून दोन हात लांब राहा, ते बघून फिरवत नाहीत. डोक्यावरून कोणी तरंगत आलं तर एका हाताने पाठ, दुसऱ्याने मान सांभाळून पुढे सरकवा. स्वतः तरंगायचा प्रयत्न पहिल्या वर्षी नको. बहुतेक क्लबांत मनाई असते आणि खाली काँक्रीट असतं.

अंगचटीला जाणं हा पिटचा भाग नाही. कोणी मुद्दाम हात लावला तर तो हात पकडून वर करा, मोठ्याने बोला, बोट दाखवा. बाजूचे ऐकतात, बाउन्सर त्या माणसाला बाहेर काढतो, आणि मंचावरून दिसलं तर गायक गाणं थांबवतो. हे तुमच्या शेजारच्या मुलीबाबत दिसलं तर ती ओरडायची वाट बघू नका. मधे उभे राहा.

पिट नको असेल तर हेडबँगिंग, म्हणजे तालावर डोकं झुलवणं, आहे. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल, आणि नुसत्या मानेने झटके न देता कंबरेतून झुला. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी गणित मांडलं होतं: मिनिटाला १४६ ठोक्यांच्या गाण्यावर मान ७५ अंशांहून जास्त फिरली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते. उपाय त्यांनीच दिला, कमी कोनात हला आणि एक ठोका सोडून एक धरा. दोनशेच्या वेगाचं गाणं असलं तरी शंभरानेच मान हलवायची.

आणि हाताची ती खूण: तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटं अंगठ्याने दाबलेली. अंगठा बाहेर ठेवू नका, त्याचा अर्थ बदलतो. ती रूढ केली गायक रॉनी जेम्स डिओने, १९७९ मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये आल्यावर. ती त्याने आपल्या इटालियन आजीकडून उचलली होती. दृष्ट लागू नये म्हणून ती तशी बोटं करायची. मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या आपल्या आजीला हे वेगळं समजावायला लागणार नाही.

बिनसलं तर

मैदानावर खरा धोका पिटमध्ये नसून बॅरिकेडशी असतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत. २८ ऑक्टोबर २०११ला गुरगावातला मेटॅलिका या अमेरिकी बँडचा कार्यक्रम मंचापुढचं बॅरिकेड तुटल्यामुळे बँड वाजवायच्या आधीच रद्द झाला. दोन दिवसांनी बंगळुरात मात्र तो सुखरूप झाला. दाब वाढतोय असं वाटलं तर लोकलमधल्यासारखे हात मुठी करून छातीपुढे धरा म्हणजे फुप्फुसांना जागा राहते. रेट्याविरुद्ध झगडू नका. दोन लाटांच्या मधे तिरकं, कडेकडे सरका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. श्वास जड होऊ लागला तर बॅरिकेडमागच्या सुरक्षारक्षकाला दोन्ही हात उंचावून दाखवा. वरून उचलून घेणं हे त्यांचं कामच आहे.

बरोबरच्यांची चुकामूक होणारच. फोन लागत नाही, म्हणून आत शिरतानाच जागा ठरवा: ‘प्रत्येक बँड संपला की मर्चच्या टेबलाच्या डाव्या बाजूला’.

परतीची वाट

लोअर परळच्या गिरणीच्या आवारातून रात्री उशिरा बाहेर पडलात तर शेवटची लोकल कितीची हे आधीच एम-इंडिकेटर या अ‍ॅपवर बघून ठेवलेलं असू द्या. एन्कोर, म्हणजे बँड परत येऊन वाजवतो ती शेवटची गाणी, धरून हिशेब करा. हेडलायनर ‘गुड नाइट’ म्हणून गेला तरी दिवे लागेपर्यंत कार्यक्रम संपलेला नसतो. पुण्याहून आलेल्यांनी परतीची गाडी रात्रीची धरण्यापेक्षा पहाटेची धरावी. ओला टी-शर्ट बदलायला एक कोरडा बरोबर असेल तर एसी गाडीत बाधत नाही.

घरी पोचल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि कानांना शांतता. प्रवासात इअरफोन लावू नका. दुसऱ्या दिवशी मान आखडलेली असेल, गरम पाण्याच्या पिशवीने दोन-तीन दिवसांत सुटते. हाताला मुंग्या येत असतील किंवा डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर डॉक्टरकडे जा. कानातली शिट्टी सहसा रात्रभरात विरते. दोन दिवसांनीही वाजत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर एक दिवसही थांबू नका. त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके जास्त लागू पडतात.